आडवी अक्कलदाढ: काढायची का, आणि काढल्यावरचा आठवडा कसा जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 27. उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी. गेल्या आठ महिन्यांत तीनदा हिरडी सुजली, घास घेण्यापुरतंही तोंड उघडेना. दर वेळी गोळ्यांचा कोर्स केला की बरं वाटतं. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढल्यावर डॉक्टर म्हणाले, चारही काढून टाका. आई म्हणते, वरच्या दाढेला हात लावू देऊ नकोस, डोळे अधू होतात. तर काढायची का, किती दुखेल, आणि कामावर कधी जाता येईल?

मी ओरल सर्जन आहे. एकवीस वर्षं झाली, पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत माझी पेटी घेऊन फिरतो. तुमच्या या दाढेला आम्ही 'अठ्ठेचाळीस' म्हणतो: जबड्याचे चार भाग धरायचे, त्यातला चौथा भाग, मधल्या दातापासून मोजत गेल्यावर आठवा दात. "सर, अठ्ठेचाळीस आडवी आहे, कधी येताय?" असा फोन आला नाही असा आठवडा जात नाही.

अठ्ठेचाळीस काढा. चारही काढायच्या की नाहीत, ते पुढे बोलू.

तीनदा सूज येऊन गेली म्हणजे चौथ्यांदा येणारच, याचं कारण साधं आहे. दाढ अर्धवट वर आलेली असते आणि तिच्या डोक्यावर हिरडीची एक टोपी राहिलेली असते. टोपीखाली भाताचं शीत, चपातीचा कण जाऊन बसतो. ब्रश तिथं पोचत नाही. आत जंतू वाढतात, टोपी सुजते, सुजलेल्या टोपीवर वरची दाढ चावते, त्यामुळे ती आणखी सुजते. अँटिबायोटिकने जंतू दबतात. टोपी आणि तिच्याखालची खोबण जागेवरच राहते. लोक एका खेपेचे पैसे वाचले म्हणून खूश असतात आणि पाचव्या कोर्सनंतर माझ्यासमोर येतात, तोवर औषधंही लागू पडेनाशी झालेली असतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी रुग्णाला दिसत नाही म्हणून तो तिला मोजत नाही. आडवी दाढ पुढच्या सातव्या दाढेच्या पाठीला डोकं टेकवून झोपलेली असते. त्या फटीत अन्न कुजतं आणि सातवी मागून, हिरडीखालून किडायला लागते. तिथं सिमेंट भरायला हात जात नाही. बिनकामाच्या आठव्या दाढेला सांभाळताना चावायच्या कामाची सातवी गमावलेली माणसं मी किती पाहिली ते आता मोजणंही सोडलंय. तुमच्या ओपीजीवर सातवीच्या मागच्या कडेला काळपट खड्डा दिसतोय का, एवढं एकदा डॉक्टरांना विचारा.

मात्र सूज असताना, तोंड दोन बोटंही उघडत नसताना मी सहसा दाढेला हात लावत नाही. आधी टोपीखालची जागा सलाइनने धुऊन घ्यायची, सूज उतरू द्यायची, मग आठवडा-दहा दिवसांनी काढायची. सुजलेल्या जागी भूलही नीट चढत नाही.

आता चारही काढण्याबद्दल. ब्रिटनमध्ये 2000 साली नाइस या संस्थेने सूचना काढली की त्रास नसलेल्या, निरोगी अक्कलदाढा केवळ 'पुढं त्रास होईल' म्हणून काढू नयेत. अमेरिकेत कॉलेजच्या वयातच चारही काढण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. दोन्हींत तथ्य आहे. तरुणपणी मुळं पुरती तयार नसतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. पस्तिशीनंतर हेच काम जड जातं. पण जी दाढ पूर्ण हाडात आहे, शांत आहे, तिला उकरून काढायचं आणि नसेचा धोका पत्करायचा, हे मला पटत नाही. तुमच्या बाबतीत खालची काढल्यावर उजवीकडच्या वरच्या दाढेला समोर चावायला काही उरणार नाही. ती हळूहळू खाली उतरेल, गाल चावेल. शिवाय आत्ता तीच सुजलेल्या हिरडीत रुतत असेल तर तिला त्याच बैठकीत काढून टाका, पाच मिनिटांचं काम असतं. डावीकडच्या दोन्ही गप्प असतील तर गप्प राहू द्या आणि एक-दोन वर्षांनी एक्स-रे काढून बघत राहा. 'अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात' म्हणून काढा असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि घरी या. पुढचे दात वयानुसार दाटतात. ज्यांना अक्कलदाढा नाहीत त्यांचेही.

आईंच्या डोळ्यांच्या भीतीला हसू नका, माझ्या आजीचीही तीच होती. वरच्या दाढांना आणि पापण्यांभोवतीच्या कातडीला जाणीव पुरवणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, म्हणून वरची दाढ ठणकली की डोळ्याखाली दुखतं, सूज डोळ्यापर्यंत चढते. पण दिसण्याचं काम करणारी नस वेगळीच आहे, तिचा दाढेशी काही संबंध नाही. हा समज पक्का झाला तो वयामुळे, असं माझं मत. पूर्वी दात काढायची वेळ यायची चाळिशीच्या आसपास, आणि त्याच सुमारास चष्मा लागायचा. आपण त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. बिल फाडलं गेलं दाढेच्या नावावर.

खरी काळजी करायची ती खालच्या नसेची. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातून ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळं कधी तिच्या शेजारी असतात, कधी तिला टेकलेली. जिभेची नस आतल्या बाजूने जाते. काढताना यांतली एखादी दुखावली तर अर्धा ओठ किंवा जिभेची एक कड बधिर राहते. बहुतेकांची ही बधिरता काही आठवड्यांत ते महिन्यांत जाते. कायमची राहणारी प्रकरणं शंभरात एकापेक्षाही कमी. ओपीजीवर मूळ नळीवरून जाताना काळवंडलेलं दिसलं, किंवा नळीची पांढरी रेघ तुटलेली दिसली, तर मी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा छोटा सीटी स्कॅन, मागतो. मुळं नसेला अगदी वेढून असतील तर दाढेचं फक्त डोकं कापून काढायचं आणि मुळं तशीच हाडात सोडायची, हाही मान्य मार्ग आहे. "मूळ आत राहिलं" म्हणून भांडायला जाऊ नका, कधी कधी ते मुद्दामच ठेवलेलं असतं. अर्थात, तसं आधी सांगायला हवं.

त्या दिवशी पोटभर खाऊन या. हे वाक्य मी फोनवर दोनदा म्हणतो. एकदा सासवडकडची एक मुलगी संकष्टीच्या उपवासाला, तेही पाण्याशिवाय काही न घेता आली. इंजेक्शन दिलं, मी हातमोजे बदलत होतो, तेवढ्यात तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले आणि चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची मागं झोपवली, पाय वर केले, साखरपाणी दिलं, पाच मिनिटांत उठून बसली आणि "झाली का काढून?" म्हणाली. उपाशी यायचं ते फक्त पूर्ण भूल देणार असतील तर, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगतात. जागेवरच्या भुलीला न्याहारी हवी.

चालू असलेली सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यातला धोका दाढेच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. साखर, दमा, हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं किंवा गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं सांगा. शेवटच्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही, आणि नेमक्या त्याच जखम भरण्याशी जोडलेल्या आहेत.

काढताना काय होतं? इंजेक्शनची टोच लागते, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, जणू दुसऱ्याचा ओठ आपल्याला चिकटवलाय. त्यानंतर दुखणं जातं, पण दाब जात नाही आणि आवाज तर अजिबात जात नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दाबालाच दुखणं समजून घाबरतो. हिरडी बाजूला करून थोडं हाड कोरतो, सतत गार पाणी सोडत. मग दाढेचे दोन-तीन तुकडे करतो, कारण आडवी दाढ अखंड बाहेर यायला वाटच नसते. तुकडा पडताना 'कट्ट' असा आवाज डोक्यात घुमतो. जबडा मोडला की काय असं वाटतं, मोडलेला नसतो. वीस मिनिटं ते पाऊण तास, मग टाके. टोचल्यासारखं दुखलं तर डावा हात वर करा, भूल वाढवता येते. शूरपणा दाखवायला ही जागा नाही.

आता पुढचा आठवडा. माझ्या मते सगळा प्रश्न इथंच आहे, कारण काढायचं काम माझं, आठवडा तुमचा.

सूज आणि दुखणं यांची घड्याळं वेगळी असतात, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. दुखणं पहिल्या रात्री सर्वांत जास्त आणि नंतर रोज थोडं कमी. सूज उलट: पहिल्या दिवशी फारशी नसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल पुरीसारखा फुगतो, मग चौथ्यापासून उतरायला लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून "काल बरं होतं, आज बिघडलं" असे फोन मला हमखास येतात. मी एकच विचारतो, दुखणं कालपेक्षा कमी की जास्त? कमी असेल तर सूज कितीही असो, गाडी रुळावर आहे.

घरी जाताना तोंडात गॉझची घडी असते. तास-पाऊण तास घट्ट चावून धरा, दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. नंतर दिवसभर लाळ गुलाबी येईल, ते रक्त वाहणं नव्हे. चमचाभर लाळेत दोन थेंब रक्त पडलं तरी सगळं लाल दिसतं. खरंच ताजं रक्त भरून येत असेल तर स्वच्छ ओली गॉझ पुन्हा अर्धा तास दाबून धरा. काळ्या चहाची पिशवी पाण्यात भिजवून, पिळून चावली तरी चालते, चहातल्या तुरट अंशाने रक्त धरतं.

थुंकू नका. हे आपल्याकडे सांगणं जड, पण पहिले 24 तास लाळ गिळा. चूळ नको, गुळणी नको, स्ट्रॉ नको. शहाळं घ्या, पण पेल्यात ओतून. कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तुमचं ड्रेसिंग आहे, तिच्याखाली हाड उघडं आहे. ओढून प्यायलं किंवा जोरात थुंकलं की ती निसटते.

पहिली वेदनाशामक गोळी भूल उतरायच्या आधी घ्या, साधारण दोन तासांच्या आत, काहीतरी खाऊन. आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 एकत्र, हे जोडपं या दुखण्यावर चांगलं चालतं. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गोळ्यांनी चाळवणारा दमा आहे त्यांनी आयबुप्रोफेन टाळायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन नको, रक्त थांबत नाही. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहाही नको, भाजलेलं कळत नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ: रुमालात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. रात्री दोन उशा घेऊन झोपा.

शेक नको. पहिल्या दिवशी तव्यावर फडकं गरम करून गाल शेकणारी आई, वरून बाम चोळणारी आत्या, हे सगळं प्रेमच असतं, पण सूज दुप्पट होते. खड्ड्यात लवंग खोचणं, हळद भरणं, गोळीची पूड दाबणं नको. अ‍ॅस्पिरिनची पूड ठेवून हिरडी भाजून पांढरी झालेली मी पाहिली आहे. मशेरी, तंबाखू, गुटखा आणि सिगारेट निदान आठवडाभर बंद. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या खिशात पुडी असतेच.

सिगारेटवरून आठवलं. एक तिशीचा गृहस्थ, दाढ सहज निघालेली, दुसऱ्या दिवशी फोनवर "एकदम मस्त" म्हणाला. चौथ्या दिवशी रात्री दहाला दवाखान्याच्या पायरीवर बसलेला, दाढेकडे बोट न दाखवता कानाकडे दाखवत होता. तोंड उघडलं तर वास आला, आणि खड्डा रिकामा: तळाला करडं, कोरडं हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दुखणं कमी होत येतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक उसळतं, कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातं, गोळ्या पुरत नाहीत. हे दुखण्याचं घड्याळ बिघडल्याची खूण. टपरीवर 'एकच' ओढली होती म्हणे. यावर अँटिबायोटिक लागत नाही. खड्डा कोमट सलाइनने धुतो, युजेनॉलची, म्हणजे लवंगेतल्याच अर्काची, पट्टी ठेवतो, आणि दहा मिनिटांत माणसाचा चेहरा बदलतो. जीव जात नाही, पण घरी सहन करण्यातही काही शहाणपणा नाही. लगेच या. सिगारेट न ओढणाऱ्यालाही होतं, विशेषतः खालच्या अवघड दाढेनंतर, त्यामुळे झालंच तर स्वतःला दोष देत बसू नका.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळण्या. जोरात खळखळ नको. पाणी तोंडात घ्या, मान तिरकी करा, आपोआप पडू द्या. बाकीचे दात त्याच दिवसापासून मऊ ब्रशने घासा. जखम आहे म्हणून सगळं तोंडच न घासणारे लोक पाचव्या दिवशी जो वास घेऊन येतात त्याचं वर्णन करत नाही.

खायला पहिल्या दिवशी गार आणि पातळ: ताक, दही, गार खीर, नाचणीचं आंबील, चमच्याने आइस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि साधं वरण, गुरगुट्या खिचडी, उपमा, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. आठवडाभर चिवडा, शेंगदाणे, चकली, भाकरीचा कडक पापुद्रा नको. आणि तीळ नको. हे ऐकून लोक हसतात, पण खड्ड्यात गेलेला तीळ बाहेर येत नाही. मी संक्रांतीच्या आठवड्यात शक्यतो दाढा काढतच नाही.

खड्ड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरट-पिवळसर थर दिसेल. तो पू नसतो, भरून येण्याचा थर असतो. काडीने खरवडू नका. गालावर, कधी गळ्यापर्यंत निळं-पिवळं दिसेल, तेही उतरतं. तोंड उघडायला आठवडाभर कष्ट पडतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसातून चार वेळा हळूहळू तोंड उघडायचा सराव करा. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक आत गेली की जबडा पूर्ववत झाला असं समजा. टाके रेशमी असतील तर सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर कधी गळून गेले कळतही नाही. हिरडी तीन-चार आठवड्यांत बुजते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात एखादी टोकदार कड जिभेला लागली तर बहुधा ती हाडाची बारीक कपची असते. दाढ आत राहिलेली नसते.

वरचीही काढली असेल तर आठवडाभर नाक जोरात शिंकरू नका. वरच्या दाढेच्या मुळांशी सायनसची पोकळी असते. पाणी पिताना ते नाकातून आलं तर लाजू नका, सांगा.

आणि काही गोष्टींसाठी सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. घोट गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटते, सूज हनुवटीखाली आणि गळ्यात उतरली, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास, थंडी वाजून ताप. हे दवाखान्याचं काम नाही, थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. क्वचितच होतं, मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा माणसं दाढ काढल्यानंतरची नव्हती. दाढ न काढता, गोळ्यांवर दिवस काढत राहिलेली होती.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, मुंबईतच पालिकेचं नायरचं दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीला. रांग असते, वेळ जातो, पण या दाढा तिथं रोज निघतात आणि शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा उभा असतो. मीही तिथल्याच एका खुर्चीशी उभा राहून शिकलो.

कामाचं विचारलंत. बैठं काम असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाता येतं, गाल सुजलेला दाखवायची तयारी असेल तर. दिवसभर फोनवर बोलायचं किंवा वर्गात शिकवायचं काम असेल तर पाच दिवस धरा. जिम, पळणं, जड उचलणं आठवडाभर नको. तारीख घेताना शुक्रवार-शनिवार टाळा, गुरुवार मागा. गुरुवारी दाढ निघाली की सूज शनिवार-रविवारी घरात जिरते, आणि त्यानंतरचा चौथा दिवस, ज्या दिवशी ड्राय सॉकेट उसळतं तो, सोमवार येतो. सोमवारी दवाखाने उघडे असतात.